दोनशे केबीतल्या धोंडीबाई

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या मे महिन्यातली. मुरबाडला बियाण्यांचा मेळा भरणार होता आणि धोंडीबाईंना तिथे आपलं काळ्या कुसळांचं जुनं भात मांडायचं होतं. ते आता फक्त त्यांच्याच कणगीत उरलं होतं; गावात कुणी पेरायला तयार नव्हतं. आपल्यामागे हे बी संपेल, हा एकच घोर त्यांना होता.

नाव मोबाइलच्या ॲपवर नोंदवायचं होतं. शेवटचा दिवस उजाडला; मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. सून सारिकाने सकाळीच सासूबाईंच्या हातात लोंब्यांची जुडी देऊन फोटो काढला. ॲप तो घेईना.

"आई, फोटो सहा एमबीचा हाय. दोनशे केबीच्या आत पायजे, नि कुसळं साफ दिसली पायजेत."

"मग कर ना बारीक. मी पाट्यावर वाटून देऊ का?"

व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो हलका होतो, एवढंच सारिकाला ठाऊक. गावाचा ग्रुप उघडाच होता. तिने तिथे फोटो टाकला आणि उतरवून घेतला. साडेतीनशे केबी. तोच पुन्हा टाकला. तीनशे. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा कुसळं तर गेलीच, धोंडीबाईंच्या नाकाचाही पत्ता राहिला नाही.

पण ग्रुपवर म्हाताऱ्या माणसाचा नुसता फोटो आला, की गाव काय समजायचं ते समजतं. इथे तर तीनदा आला होता, दर वेळी अधिक धूसर. बघता बघता चाळीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. सारिकाने घाईघाईने 'आई बऱ्या आहेत' असं कळवलं, तर त्याखाली 'आत्म्यास शांती लाभो' येऊन पडलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या सकुबाई पिठल्याचं पातेलं घेऊन रडत आल्या. ओटीवर धोंडीबाई पाय पसरून बसलेल्या.

"धोंडे, तू हायस?"

"नाय तर कुठं जाऊ? हितं फोटो जात नाय, मी कशी जाऊ? आण ते पिठलं." त्यांनी बोटाने चाखलं. "मीठ कमी हाय गो. माझ्या मरणाला तरी नीट टाकायचंस!"

चारपर्यंत त्या चाळीस जणांनी अंगण भरलं. कसाऱ्याहून धोंडीबाईंचे दीर देवजी जीप करून आले. वहिनींना बघून त्यांनी हातातला हार गुपचूप जीपलाच घातला. भातसानगरची भाची रुपाली आत्याला जिवंत बघून आणखीच रडली. ती मोबाइलची ॲपं बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. सारिकाने तिच्यापुढे फोन धरला.

"वहिनी, हा नको. एकदा बिघडला तो बिघडला. पहिला काढलेला दे." नाक पुसत रुपालीने मूळ फोटोतल्या कोंबड्या नि दोरीवरची लुगडी कापून टाकली. लांबी-रुंदी पडद्याला पुरेल एवढीच ठेवली. मग दर्जा जरा जरा उतरवत, दर वेळी फोटो मोठा करून कुसळं बघत, ती ऐंशी टक्क्यांवर थांबली.

"एकशे सत्तर केबी! आता कुसळं मोजून घे, आत्या."

पाचला दहा कमी असताना फोटो गेला. रडायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"येवढे आलाव, तर हात हलवत नका जाऊ," म्हणत धोंडीबाईंनी प्रत्येकाच्या पदरात नि रुमालात ओंजळभर भात घातलं. "पेरायचं हाय, कांडायचं नाय!" जित्या बाईला श्रद्धांजली वाहून बसलेल्यांची नाही म्हणायची छाती झाली नाही.

मेळ्याच्या दिवशी कणगी रिकामी होती. धोंडीबाईंनी टेबलावर नुसता फोटो मांडला.

पुढे देवजींनी कसाऱ्याला सगळ्या खाचरांत तेच भात लावलं. रुपालीचं लग्न झालं. ती पुण्याला गेली. मिठाच्या टोमण्यावरून सकुबाई वर्षभर धोंडीबाईंशी बोलल्या नाहीत. सारिका ग्रुपची प्रमुख झाली. तिथे आता फोटोखाली दोन ओळी लिहाव्याच लागतात. श्रद्धांजलीची ती चाळीस नावं तिने जपून ठेवली आहेत. धोंडीबाई दर आश्विनात त्या यादीप्रमाणे एकेकाच्या बांधावर जाऊन उभ्या राहतात. आजवर एकानेही पेरणी चुकवलेली नाही.