सासूबाईंच्या मिरच्यांचा मारेकरी

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वरवर पाहता मी चष्म्यांचं दुकान चालवतो, पण तो निव्वळ देखावा आहे. मूळचा मी गुप्तहेर. गल्लीत मला घरजावई म्हणतात, तोही देखावाच. संशयितांच्याच घरात राहून, त्यांच्याच पंक्तीला जेवून, त्यांच्यावरच पाळत ठेवणारा गुप्तहेर माझ्याखेरीज दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून कोणाला संशय आलेला नाही.

माझी सहाय्यक म्हणजे माझी बायको. तिला हे पद मान्य नाही. "मी तुझी सहाय्यक नाही, तुझ्या मागचा पसारा आवरणारी आहे," असं ती म्हणते. माझ्या मते काम तेच आहे, फक्त हुद्दा वेगळा.

आता प्रकरणाकडे येतो. आदल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. गोड, खारट, आंबट, सगळं एकसारखं. "पुठ्ठा चावतेय असं वाटतं," म्हणायच्या. तरी स्वयंपाक त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. अंदाजाने करायच्या आणि वाढून झालं की आमच्या तोंडांकडे बघत बसायच्या. चव येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. फक्त एका गोष्टीचा त्यांच्या जिभेला पत्ता लागायचा: गच्चीवरच्या कुंड्यांतली बारकी, आभाळाकडे तोंड करून वाढणारी जहाल मिरची. बाजारातली मिरची तिच्यापुढे काकडी. ही जेवताना एक चावली की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, नाक लाल व्हायचं आणि बाई खूश. "काहीतरी लागलं गं जिभेला!" असं बायकोला सांगायच्या.

थंडी सुरू झाली तशी तिन्ही झाडं मी स्वतः गच्चीवरून उतरवून जेवणघराच्या खिडकीत ठेवली. मिरचीला कडाका सोसत नाही. नव्याने बी पेरावं तर फळ धरेपर्यंत उन्हाळा सरतो. जुनं झाड हिवाळ्यात तगलं तर ऊन तापताच मिरच्या. इकडे फ्रिजमध्ये साठवलेल्या मिरच्यांची पिशवी तळाशी आली होती. झाडं गेली असती तर सासूबाईंच्या ताटातली ती एकुलती एक गंमतही गेली असती.

आणि एका सकाळी खिडकीखाली हिरव्या-पिवळ्या पानांचा सडा पडलेला दिसला.

"पानं गळायला लागली," बायको म्हणाली.

"गळली नाहीत," मी म्हणालो. "गळवली गेली आहेत."

"कोणी?"

"हाच तर प्रश्न आहे." हे वाक्य मी प्रत्येक प्रकरणात एकदा म्हणतो. त्याने समोरच्यावर वजन पडतं. बायकोवर पडलं नाही, ती केरसुणी आणायला गेली.

मी दुकानातलं मोठं भिंग आणलं आणि खिडकीची चौकट इंच-इंच तपासली. चौकट चिकट होती. बोट लावून चाटून पाहिलं. गोड! दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. मी बोट परत एकदा लावून परत एकदा चाटलं, कारण तपासात पडताळणी फार महत्त्वाची असते.

"गुन्हेगार गोडखाऊ आहे," मी जाहीर केलं. "गोड खाऊन, हात न धुता, तो इथे उभा राहिला. आता सांग, या घरात गोड कोणाला बंद आहे?"

"बाबांना."

"मग गोडासाठी जीव कोणाचा तळमळतो?"

"तुझा. परवा साखरेचा डबा उघडून उभा होतास."

मी तिकडे कानाडोळा केला. सासऱ्यांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. आता त्यांच्या रक्तात साखर आहे आणि मागच्या खोलीत जुनी मशिनं आहेत. मी सरळ त्या खोलीत शिरलो आणि तेलाच्या डब्यांच्या मागे हात घातला. जॅमची बरणी! अर्धी रिकामी, आत चमचा.

घरात जो काही गदारोळ झाला, त्याचं वर्णन करत नाही. "तरीच साखर उतरत नाही! आणि मी इकडे रोज कारल्याचा रस काढतेय!" सासूबाई कडाडल्या. सासरे खाली मान घालून म्हणाले, "जॅम खाल्ला, कबूल. पण तुझ्या झाडाच्या पानाला हात लावला असेल तर शपथ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमचे उपकार मी विसरणार नाही." त्यांचा आवाज ऐकून मला त्या रात्री दाराला आतून कडी लावावीशी वाटली.

पण पानं गळतच राहिली. जॅमची बरणी जप्त झाली तरी गळत राहिली. म्हणजे गुन्हेगार बाहेरचा. मग मी शास्त्रोक्त तपास हाती घेतला. बोटांचे ठसे मिळावेत म्हणून झाडांवर टाल्कम पावडर मारली. पावलांचे ठसे उमटावेत म्हणून कुंड्यांतली माती सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालून ओली ठेवली.

"कुंडीत पाय ठेवून कोण उभं राहणार आहे?" बायकोने विचारलं.

"मांजर," मी म्हणालो. "मी कुठलीच शक्यता सोडत नाही."

"आपल्या घरात मांजर नाही."

"म्हणून तर तिच्यावर कोणाचं लक्ष जाणार नाही."

शिवाय पाळत ठेवताना मी दिसू नये म्हणून खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला आणि त्याच्या आड खुर्ची टाकून बसू लागलो. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे इतकी छान झोप लागायची की काय सांगू. जाग आली की आणखी पानं पडलेली असायची. गुन्हेगार माझ्या नाकासमोर, माझ्या घोरण्याच्या तालावर काम उरकून जात होता. सासूबाई येता-जाता एखादं पडलेलं पान उचलून ओट्यावर ठेवायच्या, आणि पिशवीतल्या उरलेल्या मिरच्यांचे अर्धे-अर्धे तुकडे करून वापरायला लागल्या होत्या.

अशात मला धागा सापडला, तो आमच्या खालच्या मजल्यावर. तिथे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. सहज दारातून डोकावलो आणि अंगावर काटा आला. पेशंट बसतात त्या खोलीत, खिडकीत ओळीने कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीत वीतभर उघडंबोडकं खोड. पान नाही, फांदी नाही. मिरचीचीच खोडं! इतक्या झाडांची कत्तल करून या माणसाने ती लोकांना दिसतील अशी मांडून ठेवली होती, आणि त्यांच्याखाली बसून लोक निवांत मासिकं चाळत होते.

मी धावत वर आलो. "मारेकरी सापडला! दातांचे डॉक्टर!"

"त्यांना काय पडलंय?" बायको म्हणाली.

"नीट ऐक. तिखट खाणारा माणूस गोड कमी खातो. गोड कमी खाल्लं की दात किडत नाहीत. दात किडले नाहीत की डॉक्टर उपाशी. म्हणून मिरचीचं झाड दिसलं की ते त्याचा काटा काढतात."

"आणि आपल्या घरात ते शिरले केव्हा?"

"कोणालाच दिसले नाहीत. यावरून लक्षात घे, किती सराईत असतील."

बायकोने कपाळाला हात लावला. मी तो सलाम समजून घेतला.

रविवारी दुपारी डॉक्टरांना चहाला बोलावलं. त्यांची खुर्ची मुद्दाम झाडांसमोर मांडली, आणि ऐन वेळी पडदा सर्रकन बाजूला केला. "डॉक्टर! ओळखता का यांना?"

गुन्हेगार असा प्रसंग आला की पांढराफटक पडतो. डॉक्टर पडले नाहीत. ते उठले, खिशातून दांडीचा तो बारका आरसा काढला, दाढेच्या मागे बघतात तो, आणि उरल्यासुरल्या एका पानाखाली धरला.

"हं," ते म्हणाले. "कधीपासून आहे हे?"

"महिना होत आला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"लोक नेहमी पुढची बाजू बघतात. कीड असते मागे. या, बघा."

आरशात पानाची पाठ दिसत होती आणि पाठीवर हिरवे बारीक किडे दाटीवाटीने बसले होते. मावा! साधा, घराघरांतल्या झाडांवर पडतो तो मावा. गच्चीवरून झाडांबरोबरच तोही उबेला आत आला होता आणि मजेत रस पीत बसला होता. मी एवढं भिंग घेऊन चौकट तपासली, सासऱ्यांची खोली तपासली, पण पान उलटं करून पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं. 'कोणाला' म्हणजे मला.

"पण ते गोड, चिकट?" मी विचारलं.

"ती यांची शी," डॉक्टर म्हणाले. "खाली टपकत असते. का, हात लागला का?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी उरलेला चहा एका दमात संपवला आणि मोरीवर जाऊन सावकाश चूळ भरून आलो.

परत आलो तर डॉक्टर माती उकरून बघत होते. "माव्याने झाड एवढं खंगत नाही. मुळांत पाणी साचलंय, थंडीत याला घोटभर पुरतं. पानांवर पावडर कोणी थापली? आणि उजेड कोणी बंद केला होता?"

तिघांचीही तोंडं माझ्याकडे वळली. सगळे पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवत होते. मुरलेला गुप्तहेर मात्र अशा वरवरच्या पुराव्यांना भुलत नाही. मी छताकडे पाहिलं.

"आता काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"छाटायचं. वीतभर खोड ठेवायचं, साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडी माती घालून उजेडात ठेवायचं. माझी सगळी तशीच ठेवलीत खाली. हिवाळाभर झोपतात, ऊन आलं की उठतात."

डॉक्टरांनी नखाने एकेका खोडाची साल खरवडली. पहिलं खोड आतून तपकिरी निघालं. दुसरंही. तिसऱ्याच्या सालीखाली हिरवी रेघ दिसली. सासूबाईंनी कात्री स्वतःच घेतली, पण हात थांबला. "सगळंच कापलं तर उरणार काय हो?" त्यांच्या आवाजात धास्ती होती. दोन झाडं माव्याने नेली नव्हती, माझ्या तपासाने नेली होती, आणि ते बघायला भिंग लागत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन कुंडी धरून उभा राहिलो आणि सासूबाईंनी छाटणी केली.

फ्रिजमधली पिशवी संपली. सासूबाई नुसता पुठ्ठा चावत राहिल्या, आणि ते खोड खिडकीत ढिम्म उभं राहिलं. मला त्याच्या दहा फुटांच्या आत यायला बंदी होती. ऊन जरा चढलं तसा खोडावर एक हिरवा ठिपका आला. सासऱ्यांनी तो सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. मग फांद्या, मग पांढरी फुलं, आणि मग एके दिवशी देठाच्या टोकाला आभाळाकडे बघणारी पहिली मिरची.

ती तोडायचा मान सासूबाईंचा. आम्ही तिघं जेवायचं सोडून बघत होतो. त्यांनी मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. त्यावर भाजीचा एक घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

आम्हाला काही उमजेना. त्यांनी आणखी एक घास घेतला. "अगं, खारट लागतंय मला! भाजी खारट लागतेय!"

बायको रडायलाच लागली. सासऱ्यांनी उपरण्याने नाक पुसलं. मी चष्मा काढून पुसत बसलो, पुष्कळ वेळ. सासूबाई हसत होत्या, रडत होत्या, आणि घासावर घास घेत होत्या. मग त्यांचा हात हळूच थांबला.

"पण एवढी खारट?" त्यांनी एकेकाचं तोंड निरखलं. "अशी कधीपासून होतेय?"

सासरे भिंतीकडे बघू लागले. बायको ताटात. मी पाण्याच्या तांब्याकडे.

"रोज विचारत होते मी. रोज 'छान झालीय' म्हणायचात. तिघंही. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात!"

आजवर माझ्या एकाही प्रकरणात गुन्हेगाराने कबुली दिलेली नाही. सासूबाईंनी तीन गुन्हेगारांना एका घासात गप्प बसवून कबुली घेतली. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पातेलं आपल्याकडे ओढलं आणि ती खारट भाजी आणखी वाढून घेतली.