मुक्या पाण्याची बोंब

"पाद्रीबुवा, स्वप्नात दिसलेल्या नवऱ्याची कबुली द्यावी लागते का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज पागोना आणि रोदान्थी या दोन मैत्रिणींनी लावली होती, आणि एरोफिली पैजेतून मागे हटणारी मुलगी नव्हती! वय वर्षं पंधरा. मेमध्ये शाळेच्या नाटकात तिने सगळ्यांत लांबलचक भाषण एका दमात ठोकलं होतं आणि तेव्हापासून आपल्याला जगात काहीही जमतं असा तिचा ठाम समज झाला होता. चर्चच्या अंगणात तिने तो प्रश्न असा खणखणीत विचारला की घंटेच्या दोरीवरची चिमणी उडून गेली.

पाद्रीबुवांनी दाढी कुरवाळली. "कुठला नवरा?"

"तोच हो! उद्या संध्याकाळी मुकं पाणी येतं, त्यातला घोट पिऊन झोपलं की मुलींना दिसतो तो."

"असल्या प्रकारांची चर्चला काहीही कल्पना नाही," पाद्रीबुवा गंभीरपणे म्हणाले. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "पण माझ्या कानावर असं आलंय की ते पाणी आणणाऱ्या मुलीच्या तोंडून वाटेत एक शब्द निघाला तर सगळं पाणी वाया. तेव्हा तू निश्चिंत राहा, फिली. तू आणलेल्या पाण्यात नवरा काय, बेडूकसुद्धा दिसायचा नाही!"

पागोना आणि रोदान्थी भिंतीला धरून हसल्या. एरोफिलीचे कान लाल झाले.

"यंदाचं मुकं पाणी मीच आणणार!" ती गरजली. "वरच्या झऱ्यापासून चौकातल्या रांजणापर्यंत! अळीमिळी गुपचिळी!"

ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. बाबा जेवायला बसले होते. बाबा म्हणजे गावाच्या एकुलत्या एक बसचे ड्रायव्हर. त्यांची बस आजवर एक मिनिटही उशिरा सुटली नव्हती आणि त्यांचं 'नाही' आजवर कधी 'हो' झालं नव्हतं. त्यांच्या खिशात एक अर्ज महिनाभर घडी घालून पडला होता. हान्या शहरातल्या मोठ्या शाळेचा. तिथे नाटकाचा वर्ग होता, वसतिगृह होतं, खिडकीतून समुद्र दिसत होता. (हे शेवटचं फिलीने स्वतःच ठरवलं होतं.) हवी होती फक्त बाबांची सही. आणि सही मागितली की बाबा त्या गावातले सगळे पुरुष करतात तेच करायचे: हनुवटी वर, भुवया वर, जिभेने एक "त्च्". झालं! नाही म्हणायला तिथे कोणी शब्द खर्च करत नाही. हो म्हणायचं असेल तर मान जराशी एका बाजूला खाली कलती करायची. सगळा कारभार मानेवर चालतो!

"जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला शहरात एकटी ठेवायची?" बाबा म्हणाले. "बरं, चल. उद्या ते पाणी एकही शब्द न बोलता आण. मी सही करतो. बोललीस, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"बाबा, पेन काढूनच ठेवा!"

आईने ओढणीत तोंड लपवून हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला फिली झऱ्यावर पोचली. घागर पाण्यात धरली, ओठ मिटले, आणि मुकेपणा सुरू झाला.

गप्प बसलं की जगाचा आवाज वाढतो, हे तिला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल. तेव्हा ती बोलत असेल!) झरा नुसता वाहत नव्हता, तो पुटपुटत होता, आठवत नसलेलं एखादं नाव आठवून बघावं तसा. रानओव्याचा वास उन्हात तापून दाट झाला होता. हात घातला असता तर बोटांना लागला असता. डोंगराखाली समुद्र इतका निळा आणि इतका स्थिर की कुणीतरी वाळत घालून विसरून गेलंय असं वाटावं. फिलीला वाटलं, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला स्वप्नात बघतंय...

"फिली."

ती दचकली. दगडी बांधाजवळ मधपेट्या झाकत मानूसोसकाका उभे होते. गावाचे मधवाले. पन्नाशीचे, उंच, आणि इतके लाजाळू की स्वतःच्या मधमाश्यांनाही 'अहो' म्हणतील. गेली अकरा वर्षं ते दर गुरुवारी पोस्टात जाऊन एक तिकीट विकत घेत. पोस्टाच्या खिडकीत बसायची फिलीची आर्गिरो आत्या. आणि दर गुरुवारी आत्या कानात निळी कर्णफुलं घालायची. मानूसोसकाकांनी टाकलेलं पत्र मात्र अकरा वर्षांत टपालाच्या एकाही पिशवीत सापडलं नव्हतं.

"आज तू बोलणार नाहीस, हे एक बरं आहे," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "एरवी तुला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. मी आज रात्रीच्या बोटीने चाललोय गं. भावाकडे, व्होलोसला. कायमचा. पण जाण्याआधी एकच... तुझ्या आत्याच्या मनात... म्हणजे मी... आहे का? मान हलव फक्त. तू म्हणशील तसं."

फिलीला ओरडून सांगायचं होतं, आहे! आहेच! निळी कर्णफुलं, काका! तिने घागर सावरली, मान हळूच कलती करायला घेतली...

आणि एक मधमाशी, काकांचीच, येऊन बरोबर तिच्या दोन भुवयांच्या मध्ये बसली.

हनुवटी वर! भुवया वर! वर तोंडातून "त्च्"!

काकांनी तो 'नाही' पाहिला. इतका स्वच्छ, सणसणीत 'नाही' त्या डोंगरात आजवर कुणी दिला नसेल. "असो," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं." त्यांनी हातातली पेटी इतकी अलगद बंद केली की आवाजही झाला नाही. फिली मान खाली घालून, कलती करून, वाकडी करून त्यांच्यामागे धावली. पण काका मागे वळून बघणाऱ्यांतले नव्हते. त्यांची तीनचाकी गाडी धुळीचा पिवळा ढग उडवत वळणाआड गेली.

ओरडावं? एक हाक मारली की काम झालं! पण एका हाकेची किंमत हान्या. नाटकाचा वर्ग. समुद्राची खिडकी.

तिने घाईघाईने हिशोब केला. काका बंदरावर जाणार म्हणजे गाडी घरी ठेवून बाबांच्या साडेसहाच्या बसने जाणार. आता सहाला पाच कमी. भराभर उतरायचं, रांजणात पाणी ओतायचं, मग जोरात ओरडायचं. दोन्ही साधेल! तिने घागर उजव्या खांद्यावर चढवली आणि पायवाट धरली. घागर जड. त्यामुळे मान डावीकडे खाली कलती. आता कलती मान म्हणजे काय, ते सांगितलंच आहे!

पहिल्याच वळणावर पेलागिया आजी काठी टेकून बसल्या होत्या. गावात वारा नंतर पोचतो, पेलागिया आजी आधी.

"काय गं, मानूसोसची गाडी धूळ उडवत गेली! तुला भेटला?"

मान कलती.

"आर्गिरोबद्दल विचारलंन?"

मान कलती.

"अग्गो बाई! म्हणजे एकदाचं जमलं?"

फिलीने डोळे इतके मोठे केले की बुबुळं बाहेर पडतील. मान मात्र घागरीखाली अडकलेली. कलती!

आजी उठल्या. गेली सहा वर्षं गुडघ्यांमुळे त्यांना चर्चच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. त्या दिवशी त्या शेळीला मागे टाकत खाली गेल्या.

दुसऱ्या वळणावर लिरा वाजवणारे सिफिसकाका अंजिराच्या झाडाखाली तारा जुळवत होते. "फिली! पेलागिया म्हणते आर्गिरोचा साखरपुडा! आजच?"

कलती.

"मग सणाची गाणी राहू दे, लग्नाचीच वाजवतो!"

फिलीने घागर डाव्या खांद्यावर घेतली, तर मान उजवीकडे कलती झाली. "दोनदा हो!" सिफिसकाका आनंदाने ओरडले आणि पळत सुटले.

फिलीला रडू येत होतं आणि हसूही. आपण बोलून आजवर गावाचं जेवढं वाटोळं केलं नव्हतं तेवढं पाऊण तास गप्प राहून केलं! खालून घंटा ऐकू आली. तिच्यामागे लिरा. तिच्यामागे बदाम भाजल्याचा वास. संध्याकाळचं ऊन मधासारखं घरांच्या चुन्यावरून ओघळत होतं, आणि त्या सोनेरी उजेडात सगळं गाव एका अशा साखरपुड्याची तयारी करत होतं, ज्याची खबर फक्त नवऱ्यामुलालाच नव्हती.

चौकात पाऊल टाकलं तेव्हा साडेसहाला एक मिनिट कमी होतं. मधोमध रांजण. शेजारी तो झाकायला लाल कापड धरून आई. मुलींच्या मुठीत बटणं, अंगठ्या, किल्ल्या, रांजणात टाकायच्या खुणा. घंटा वाजवणारे पाद्रीबुवा ("संध्याकाळच्या प्रार्थनेची आहे हो, बाकी मला काही कल्पना नाही!"). पोस्टाच्या दारात आत्या, गोरीमोरी झालेली, उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर. दिवस मंगळवार. कानात निळी कर्णफुलं!

आणि चौकाच्या पलीकडे बस. स्टिअरिंगवर बाबा. शेवटच्या सीटवर मांडीवर कपड्यांची पेटी घेतलेले, खाली मान घातलेले मानूसोसकाका.

"नवरामुलगा बसमध्ये काय करतोय?" कुणीतरी विचारलं.

"अंगठी आणायला चाललाय!" पेलागिया आजींनी जाहीर केलं. "जा रे बाबा, जा लवकर!"

सगळ्यांनी काकांना टाटा केला. काकांना वाटलं, गाव निरोप देतंय. त्यांनीही डोळे पुसत हात हलवला.

रांजण सात पावलांवर होता. सात! फिलीने पाय उचलला; पाणी डचमळलं. सांडलं तरी वाया! बसचं दार फुस्स करून मिटलं. बाबांनी घड्याळ पाहिलं. गिअर पडला. आत्याने उंबरठ्याबाहेरचा पाय हळूच आत घेतला.

तो पाय फिलीला दिसला, आणि खिडकीतला समुद्र दिसेनासा झाला.

"बाबा, बस थांबवा! मानूसोसकाका, तो 'नाही' नव्हता! ती मधमाशी होती!"

सिफिसकाकांचा गज तारेवर कुईं करून थांबला. घंटा थांबली. बसही थांबली. अख्ख्या चौकाने आधी फिलीकडे आणि मग घागरीकडे पाहिलं.

"गेलं पाणी," पागोना हळूच म्हणाली.

आता गेलंच होतं, तर फिलीने कसर ठेवली नाही! मधमाशी, भुवया, घागर, मान, दर गुरुवारची कर्णफुलं, आज मंगळवार असूनही घातलेली कर्णफुलं...

"फिली! पुरे!" आत्या किंचाळली. मग ती उंबरठा ओलांडून बाहेर आली आणि सरळ बसच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. "अकरा वर्षं तिकिटं घेताय. पत्रं कुणाला लिहिता?"

काकांनी पेटी उघडली. शर्टांवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. डब्यात तिकिटंच तिकिटं, एकही न चिकटवलेलं.

"पत्ता पाठ होता," ते म्हणाले. "मजकूर सुचत नव्हता."

आत्याने खिडकीतून हात घालून डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "उतरा. पाणी परत आणायचंय."

"कोण आणणार?" रोदान्थीने विचारलं.

"मी. बिनलग्नाची आहे. आणि गप्प राहण्याची सवय आहे, अकरा वर्षांची."

"नियमात बसतं!" पेलागिया आजींनी निकाल दिला. नियम कुठे लिहिले आहेत हे फक्त त्यांनाच ठाऊक.

घागर रिकामी करून दोघं वर निघाली. येताना गप्प राहायचं असतं. दोघं तर जातानाही गप्पच होती. रानओव्याच्या उतारावर दोन लांब सावल्या, मधे हातभर अंतर. वळणापाशी ते वीतभर झालं. पुढचं उन्हाच्या तिरिपेत दिसलं नाही. सिफिसकाकांनी अगदी हळू, झोपेत कुणी गुणगुणावं तसं वाजवायला घेतलं. बसमधले उरलेले दोन प्रवासी, एक म्हातारा आणि त्याची शेळी, उतरून बदाम खाऊ लागले. साडेसहाची बस सात वाजले तरी जागची हलली नव्हती आणि बाबांनी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं!

फिली बसच्या पायरीवर बसली. एका बाजूला बाबा, एका बाजूला आई. बाबांच्या शर्टाच्या खिशातून अर्जाचा कोपरा डोकावत होता.

"हरलीस," बाबा म्हणाले.

"सात पावलांनी," फिली म्हणाली.

"पैज म्हणजे पैज. हा विषय पुन्हा काढायचा नाही."

फिली उठून उभी राहिली. झगा झटकला. आजवर तिने त्या अर्जासाठी विनवण्या केल्या होत्या, रुसून पाहिलं होतं, पैज लावली होती. विनवणी, रुसवा आणि पैज, तिन्ही संपल्यावर अचानक हलकं हलकं वाटत होतं.

"आई, बाबा, मी आता विचारत नाहीये, सांगतेय. मी ठरवलंय."

बाबांनी हनुवटी वर केली. भुवया वर केल्या. "त्च्."

फिलीने वाकून त्यांचं कपाळ निरखून पाहिलं.

"मधमाशी बसली होती वाटतं," ती म्हणाली. "तर मी काय सांगत होते, सप्टेंबरात मी हान्याला जाणार!"