तपासले, ठीक आहे

पगारे काकांचा मोबाइल तांदळाच्या डब्यात असतो. स्टीलमधून सरकारला ऐकू जात नाही, असं त्यांचं म्हणणं. फोन आला की आधी डबा घुमतो, मग काका झाकण उघडतात, मग तांदूळ झटकतात, तोवर फोन बंद. "बघ, आपण उघडलं की ते कट करतात," काका म्हणतात.

ते म्हणजे साहेब. साहेब दिल्लीत बसून नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीवर लक्ष ठेवून असतात. चुकून फोन लागलाच तर काका आधी "नमस्कार साहेब" म्हणतात, मग आपल्याला "हां, बोल." कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली. काकू गेल्या तेव्हा टिकल्यांची दोन पाकिटं उरली होती, ती अशी मार्गी लागली.

काका अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. एकतीस वर्षं लोखंडी नगांना चिठ्ठ्या बांधल्या : 'तपासले. ठीक आहे.' नाहीतर 'नापास.' निवृत्तीनंतर नग संपले, तपासणी उरली. मग त्यांनी इंटरनेटवर 'अनामिक नागरिक' या नावाने खातं उघडलं आणि आमचा वॉर्ड तपासायला घेतला. 'चौकातील गटाराचे झाकण. तपासले. नापास.' अख्ख्या नाशकात असं लिहिणारा माणूस एकच. नगरसेवकाने वाटेत थांबवून विचारलं, "काय काका, झाकण नापास का?" काका तडक माझ्याकडे आले. मी कॉलेजात क्लार्क आहे, त्यामुळे मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हा त्यांचा आणखी एक समज.

"हॅक झालो," ते म्हणाले.

"काका, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे गल्लीच हॅक झाली?"

मागच्या रविवारी टीव्हीवर चर्चा झाली. निनावी लिहिणाऱ्यांची खरी नावं सरकार काढतंय, त्यांच्या फोनमध्ये शिरतंय, असं दोघं ओरडून सांगत होते आणि तिसरा ओरडून नाही म्हणत होता. सोमवारी सकाळी काका डबा काखेत घेऊन दारात उभे. चेहरा पार उतरलेला.

"खातं बंद कर माझं. आत्ताच्या आत्ता."

"काका, झाकणापायी कोणी तुरुंगात टाकत नाही."

"तुरुंगाला कोण भितंय? नाव फुटलं तर मनीषाला कळंल ना."

मनीषा त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असते. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि काकांनी आपल्या मनाने बोलणं बंद केलं. त्याला तीन वर्षं झाली.

काकांनी फोन काढून माझ्या हातात दिला. अनामिक नागरिक रोज तिचे फोटो बघत होता आणि खाली शेरा लिहीत होता. कुंडीतली मिरची : 'तपासले. ठीक आहे.' पुरणपोळी : 'तपासले. कडा जाड. ठीक आहे.' आणि परवाचा पाळणा, त्यात दोन महिन्यांची नात : 'तपासले. डावा बोल्ट सैल. नापास.'



"मी आहे कळलं तर ब्लॉक करंल ती," काका म्हणाले. "मग पोरगी दिसायची नाही मला. अन् खातं बंद केलं तरी दिसायची नाही. काय करू, तूच सांग." एकतीस वर्षं निकाल देणारा माणूस माझ्याकडे निकाल मागत होता.

बोलता बोलता मी स्क्रीन वर सरकवली. आदल्या संध्याकाळचा नवा फोटो होता. चर्चेनंतर फोन डब्याबाहेरच निघाला नव्हता, म्हणून काकांनी तो पाहिला नव्हता. तोच पाळणा, बोल्ट आवळलेला, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. 'तपासनीस साहेबांनी प्रत्यक्ष येऊन तपासावे आणि सही करावी.'

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"हिला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी," मी म्हणालो.

 काकांनी नखाने कॅमेऱ्यावरची टिकली काढली, पाकिटात जपून ठेवली आणि उठले.

दुपारी पुण्याच्या बसमधून त्यांचा फोन आला.

"नमस्कार साहेब," काका म्हणाले. जरा थांबून, "लय उपकार झाले तुमचे." मग मला, "अन् तू ऐक. डबा तुझ्याकडंच राह्यलाय, तांदूळ शिजवून टाक. मी दोन दिवस राहीन म्हणतो, तिनं ठेवून घेतलं तर."