भाऊ म्हंजे भाऊ

आमच्या कळंबचे रंगनाथतात्या माणूस बघून देश सांगतात. बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला जाणाऱ्या कुणी मोटरसायकल थांबवून रामराम घातला, की तात्या त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि म्हणतात, "तू न्यूझीलंडचा माणूस हायस. हितं काय करतुयास?" मला त्यांनी फिनलंड दिला होता. "मास्तर, तुमी बोलत न्हाय. तितं कुनीच बोलत न्हाय. सुखी व्हाल." त्यानंतर बरेच दिवस बायको मला फिनलंड म्हणूनच हाक मारत होती.

स्वतः तात्या इंदापूरच्या पुढं फारसे गेलेले नाहीत. पासपोर्ट नाही, लग्न नाही. पण मोबाइलवर व्हिसाचे व्हिडिओ बघून बघून हा गृहस्थ असा काही तयार झाला, की पार कळसहून पोरं सल्ल्याला यायला लागली. परवान्याचं कुणी विचारलं तर उसळायचे, "सल्ल्याला कसला परवाना? सल्ला काय दारू हाय व्हय?" फी घेत नसत. ज्याचं काम होई त्याच्याकडून फेटा मात्र हौसेनं बांधून घेत आणि झोपतानाच काय तो उतरवत.

तात्यांच्या शेजारच्या बबनरावांची शुभांगी नर्स आहे. तिला कॅनडात कायमचं जायचं होतं. सख्खं भावंड तिकडं असेल तर अर्जाला जादा गुण मिळतात. शुभांगी एकुलती एक. तिकडं आहे तो चुलतभाऊ महेश. अर्ज तात्यांनीच भरला आणि ठोकून दिलं 'भाऊ'. ती बिचकली, तर तिच्यावरच डाफरले, "एका ताटात जेवलायसा. चुलत-बिलत आपल्यात कोन म्हनतं? भाऊ म्हंजे भाऊ!"

गावात कुणालाच यात चूक दिसली नसती. कॅनडाच्या साहेबाला दिसली. त्यानं भावाचा जन्मदाखला मागितला, बापाचं नाव वेगळं निघालं. खोटी माहिती दिली म्हणून शुभांगीला पाच वर्षं बंदी. पोरीचं रडणं तात्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. बबनरावांनी तात्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

मी तात्यांना इंदापूरच्या वकिलाकडं नेलं. वकील म्हणाले, "परवाना न्हाय, आणि वर फेटा घेतला. उद्या त्यालाच मोबदला म्हनतील. तात्या, सरळ सांगा, अर्ज पोरीनं भरला. तुमी चहाला गेला होता."

"मग खोटारडी ती ठरंल?"

"ती ठरलीच हाय. सही तिची. तुमी कबूल केलं तरी बंदी उठायची न्हाय. फुकट अडकाल."

मला दोघांचाही राग आला. वकिलाचा, तो खरं बोलत होता म्हणून; आणि तात्यांचा, ते ऐकणार नाहीत हे दिसत होतं म्हणून.

ठाण्यात तात्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. "पोरगी न्हाय म्हनत हुती. मीच रेटलं." हवालदारानं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "मुलगी तुमची कोण?"

शुभांगीला पहिल्या दिवशी शाळेत कडेवर घेऊन आले होते ते तात्याच. ती वर्गात बसेना, तर दुपारपर्यंत तिच्याशेजारी मांडी घालून बसले होते. गावात कुणीही विचारलं असतं, तर 'माझी लेक' म्हणून मोकळे झाले असते. इथं मात्र त्यांनी हवालदाराच्या पेनाकडं बघून विचारलं,

"अगदी खरं लिवायचं न्हवं?"

"व्हय."

"मग कुनी न्हाय, साहेब. शेजारची हाय."