काटा थांबू द्या

कपातला चहा हलायचा थांबेपर्यंत तुम्ही कधी वाट पाहिली आहे? नाही ना? मग शेलारकाकांच्या लेखी तुम्ही उतावळे.

वारज्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. उभी हयात मार्केट यार्डात मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं, की काटा स्थिर होईपर्यंत वजन उच्चारायचं नाही, हा त्यांचा धर्म. व्यापारी घाई करायचे, काका म्हणायचे, "काटा थांबू द्या." आता सिग्नलला हॉर्न वाजो, पंगतीत वाढप्या घाई करो की टीव्हीवरचा निवेदक किंचाळो, काकांचं तेच.

आणि नेमक्या याच माणसाच्या हातांना कंपवात झाला.

पडलेझडले तर फोन करता यावा म्हणून त्यांच्या मुलीने, सुलभाताईने, स्मार्टवॉच आणून दिलं. काकांचं बोट एकदा टेकलं, तरी थरथरीमुळे घड्याळ ते पाच वेळा मोजायचं आणि नको तेव्हा मुलीचा नंबर लावायचं. ताईला भर मीटिंगमध्ये फोन. "चुकून लागला गं. ठेव." एका दिवसात नऊदा! शेवटी ती म्हणाली, "बाबा, रविवारी येते आणि ते घड्याळ घेऊन जाते."

काका माझ्याकडे आले. मनगट दुसऱ्या हाताने झाकलेलं. "पोरगी न्यायला निघालीय. बघ बया कायतरी."

मी संतापले. थरथरता हात दोषी आणि उतावळं यंत्र निर्दोष? हा कुठला न्याय? सेटिंगमध्ये शिरले. उपाय होता, पण चार पायऱ्या खाली, अडगळीत टाकल्यासारखा. बोट किती वेळ टेकलं तर स्पर्श मानायचा ते ठरवता येत होतं. लागोपाठचे स्पर्श सोडून द्यायलाही सांगता येत होतं. मी तो वेळ दीड सेकंद ठेवला.

काका हरखले. "म्हंजे हे बी काटा थांबल्यावरच वजन सांगणार? एवढी अक्कल हाय, तर आधी कुठं झोपलं हुतं?"

दिवेलागणीपर्यंत आम्ही गॅलरीत सराव करत बसलो. समोरची टेकडी निळी होत विरघळत होती आणि त्यांच्या मनगटावर उजेडाचा चौकोन उमलत, मिटत होता. बोट थरथरत टेकायचं, तसंच राहायचं. घड्याळही जणू श्वास रोखून थांबायचं. एकही फोन चुकून लागला नाही.

रविवारी ताईने घड्याळ नेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा मला फोन. "अगं, परत बिघडलं वाटतं. रोज साडेसहाला बाबांचा फोन येतो. 'चुकून लागला, ठेव.'"

"ताई," मी म्हटलं, "तुमच्या नावावर दीड सेकंद बोट टेकून धरल्याशिवाय तो फोन आता लागतच नाही."

त्या संध्याकाळी साडेसहाच्या फोनवर ताई बराच वेळ बोलत राहिली.

तेव्हा आज एवढं करा. ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्याशेजारी बसा, त्यांच्या घड्याळात ती सेटिंग शोधा आणि त्यांना हवा तेवढा वेळ लावून द्या. आणि कुणाचा 'चुकून' फोन आलाच, तर लगेच ठेवू नका. काटा थांबू द्या.