टांटी बेबीचं झाड आणि कोणी एक युफ्रेशिया

"वकिलाची चिंता मला? अरे, माझा वकील माझ्या मांडीवर मोठा झालाय!" सगळ्यांची टांटी, म्हणजे मावशी, असलेली बेबी अख्ख्या ग्वाव्ह गावाला सांगत सुटली होती.

शेजारच्या फिट्झरॉय टेल्सफर्डने तिच्यावर दावा ठोकला होता. हा गृहस्थ जन्मभर इंग्लंडात बस चालवून परत आला, टांटीच्या कुंपणाला खेटून घर बांधलं, आणि आता त्याला छपरावर पडणाऱ्या नीरफणसांचा त्रास व्हायला लागला! लहानपणी ज्या झाडाचं खाऊन पोसला, तेच झाड तोडा म्हणे! टांटीने कोर्टाचा कागद न वाचताच बॉयसीकडे दिला. बॉयसी तिचा धर्मपुत्र, हल्लीच काळा कोट घालायला लागलेला.

"तू निर्धास्त राहा, टांटी," तो म्हणाला, आणि टांटी निर्धास्त राहिली. हीच तिची चूक!

एका दुपारी चुलीवर नारळाच्या दुधात नीरफणस रटरटत होता, तेवढ्यात दारात करवत घेऊन एक माणूस उभा राहिला.

"युफ्रेशिया अलेक्झांडर इथंच राहतात का? त्यांचं झाड तोडायचा हुकूम आहे."

"ही कोण भवानी? इथं नाही बाबा कोणी. चर्चपाशी विचार."

माणूस गेला. टांटीने पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि तिच्या हातातला डाव गळून पडला. युफ्रेशिया म्हणजे तीच की! बाप्तिस्मा झाल्यापासून त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती.

ती तशीच, ॲप्रन न सोडता, बस पकडून बॉयसीच्या कचेरीत धडकली.

"मेल्या! माझं झाड तोडायला निघालेत आणि तू पंख्याखाली बसलायस?"

बॉयसीने कागद चाळले आणि त्याचं तोंड उतरलं. त्याने उत्तर वेळेत दिलं होतं, पण बेबी अलेक्झांडर या नावाने! दाव्यात अशी बाईच नव्हती. कोर्टाच्या कारकुनाने ते बाजूला ठेवलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून एकतर्फी निकाल लागून मोकळा झाला.

"दाव्यावर माझं नाव ठळक छापलंय की रे!"

"मला वाटलं, तुझ्या आईचं असेल."

"माझ्या आईवर कोण दावा लावेल? तिला जाऊन जमाना झाला!"

एकतर्फी निकाल रद्द करावा म्हणून बॉयसीने अर्ज केला. सुनावणीला फिट्झरॉयचा वकील गरजला, "ही बाई कोर्टाच्या माणसाला चकवते! मी युफ्रेशिया नव्हेच म्हणते!"

"चकवते कशाला?" टांटी ताडकन उठली. "मला आठवलंच नाही!"

न्यायाधीशबाईंनी फिट्झरॉयला विचारलं, "यांना ओळखता?"

"म्हणजे काय! बेबी आहे ती."

"आणि युफ्रेशिया?"

"ती कोण?"

"अहो, तिच्यावरच तुम्ही दावा लावलाय!"

"छे छे, मी बेबीवर लावलाय! नाव वकिलाने जमिनीच्या कागदांवरून काढलं."

कोर्ट खदखदून हसलं. न्यायाधीशबाईंनी ओठ आवळून पुढचं विचारलं, "झाड कधीपासून आहे?"

"पोरवयात त्यावरूनच पडलो होतो मी," फिट्झरॉय अभिमानाने म्हणाला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे झाड आधीचं, घर नंतरचं. या बाईंचं ऐकून घ्यायला हवं. एकतर्फी निकाल रद्द! मात्र आज चारच्या आत नीट उत्तर दाखल करा. नाहीतर तोडायचा हुकूम पुन्हा लागू."

बॉयसी घामाघूम होऊन लिहायला बसला. टांटी मानगुटीवर बसल्यासारखी मागे उभी. "वाच पुन्हा! पूर्ण नाव लिहिलंस? ही आजकालची शिकलेली पोरं! साधं नाव धड लिहिता येत नाही!" शेवटी तिनेच पेन हिसकावलं, खाली झोकात सही ठोकली आणि कागद कोर्टाच्या कारकुनाच्या खिडकीत नेऊन आपटला.

कारकुनाने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"बाई, ही सही कोणाची?"

खाली ऐसपैस अक्षरांत लिहिलं होतं: बेबी.

टांटीने घड्याळाकडे पाहिलं. चाराला थोडा अवकाश होता. बॉयसीकडे पाहायचं तिने टाळलं आणि नुसताच हात मागे केला.

"पेन दे रे बाळा. आणि ते नाव... जरा सावकाश सांग."