पिंप्राळ्यात समुद्रदर्शन

"पाय देखीसन टाका हो अभिमनभाऊ, वाळवण शे!"

पोस्टातून थकून आलेल्या अभिमन पाटलांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला. ओट्यावर कुरडया, अंगणात बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, खाटेवर शेवया आणि पायरीवर घरमालकीण द्रौपदाबाई. जावं कुठून माणसानं? शेवटी हेडक्लार्क अभिमनराव नेहमीसारखे भिंतीला पोट चिकटवून, टाचा उचलून, आपल्याच भाड्याच्या खोलीत चोरासारखे शिरले.

अभिमनरावांना आयुष्यात फार काही नको होतं हो. दुपारी जेवण झालं की वाऱ्याला पाय लांब करून पडावं आणि कुणी 'पाय' हा शब्द काढू नये, एवढंच. पण होळी झाली की जळगावच्या त्या गल्लीत ज्वारीचा घाटा शिजायला लागायचा आणि मृगापर्यंत ओटा त्यांचा राहायचा नाही. एका रविवारी खुर्चीत डुलकी लागली, पाय जरा लांबला आणि टाच नेमकी ओल्या बिबड्यावर पडली. द्रौपदाबाईंनी तो बिबडा वेगळा वाळवला आणि वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. "हाऊ देखा, आमना भाऊना पाय!"

त्याच वर्षी अभिमनरावांनी गावाबाहेर पिंप्राळ्यात प्लॉट घेतला.

घराचा नकाशा पुतण्यानं दिला. पुतण्याचं नाव भटू. मुंबईत तो बी. आर. पाटील झाला होता आणि अलिबागकडे बड्या लोकांचे समुद्रकाठचे बंगले काढून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला होता. एका शेटजींसाठी त्यानं रात्रंदिवस खपून नकाशा केला आणि शेटजींचं मन ऐन वेळी गोव्यावर गेलं. नकाशा पडून होता. दिवाळीला आला तेव्हा भटूनं तो काकांपुढे पसरला. "काका, घरच्या माणसाकडून काय घ्यायचं? ठेवा तुम्हाला."

अभिमनरावांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, चष्मा लावून नकाशा पाहिला. पश्चिमेला हॉलची अख्खी भिंत काचेची होती. वर उतरतं कौलारू छप्पर. पुढे ओटा नाही, मागे अंगण नाही.

"गच्ची कुठंय रे भटू?"

"आत्ता कौलांचीच फॅशन आहे काकू. समुद्रावर पाऊस केवढा असतो!"

"अरे पण वाळवण कुठे घालू मी? कौलांवर चढू का या वयात?"

इथे अभिमनरावांचे कान टवकारले. गच्ची नाही, ओटा नाही, अंगण नाही, म्हणजे वाळवणच नाही! एवढी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून ते म्हणाले, "पोरगं मुंबईला शिकून आलंय. त्याचा मान ठेवला पाहिजे. आणि पापड-कुरडया काय, आता बाजारात विकत मिळतात."

मंजुळाबाई भडगावच्या. विकतचा पापड पाहुण्याच्या ताटात वाढण्यापेक्षा पाहुणा आलाच नाही तर बरं, असं मानणारं त्यांचं माहेर. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी दोनच वाक्यं बोलायला लागल्या, "जेवून घ्या" आणि "दार लावा".

बांधकाम सुरू झालं. हिलाल मिस्त्रीनं नकाशा आधी सुलटा पाहिला, मग उलटा पाहिला. कोपऱ्यात एका बाणापुढे 'समुद्र' लिहिलं होतं.

"नाना, समिंदर कोनता बाजूले शे?"

"पश्चिमेला."

"तठे ते गुलाबआबाना म्हशीसना गोठा शे."

"असू दे. तू काच बसव."

"उघडाले कडी कोठे लावू?"

अभिमनरावांनी पोस्टातून भटूला ट्रंककॉल लावला. पलीकडून खरखरीतून आवाज आला, "कडी नको काका! खाऱ्या हवेनं गंजते. काच कायमची बंद!" अभिमनराव इतके दमले होते की खारी हवा जळगावला येईपर्यंत किती मैल चालावं लागेल, हे विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. सिमेंटसाठी हेलपाटे, वाळूसाठी हेलपाटे, घर पाहायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला चहा आणि प्रत्येकाचं एकच, "सगळं छान आहे, फक्त एक चुकलं." ज्याचं त्याचं चुकलेलं वेगळं. माणूस कंटाळणार नाही तर काय!

वास्तुशांत झाली ती थंडीत. तेव्हा तो हॉल उबदार वाटला आणि सगळ्यांनी वाखाणला. शेजारच्या भागाबाई मात्र मंजुळाबाईंना बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "उन्हाळ्यात वाळवण आमच्या गच्चीवर घाला हो वहिनी. आम्ही काही नाही म्हणणार नाही." मंजुळाबाई हसल्या. रात्री नवऱ्याच्या वाट्याची दोन वाक्यंसुद्धा बंद झाली.

आणि मग खानदेशातला वैशाख आला.

दुपारी जो सूर्य गुलाबआबांच्या गोठ्यावरून हॉलमध्ये घुसायचा, तो संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचा नाही. पडदे लावले, ते विटले. खसाची ताटी लावली, ती पाणी मारता मारता वाळली. लाइट जाईल म्हणून फडताळात ठेवलेली मेणबत्ती मान टाकून आडवी झाली. पोस्टमास्तर घर बघायला आले, ते सरबताचा पेला हातात घेऊन थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "उकडत नाही का हो पाटील?"

"समुद्राकडची रचना आहे साहेब," अभिमनराव घाम पुसत म्हणाले. "सवयीनं बरं वाटतं."

पण खरं सांगायचं तर ते सुखात होते. हॉल जळो! मागच्या खोलीत खाट होती, खाटेवर कूलरचा वारा होता आणि दुपारभर 'पाय' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. बायको बोलत नाही, याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण झोप लागायची.

घात केला वावटळीनं. एका रविवारी भरदुपारी धुळीचा लोट कॉलनीवर चालून आला. भागाबाईंच्या गच्चीवर ताजे बिबडे घातलेले होते. "मेले गं बाई!" अशी किंकाळी ऐकून मंजुळाबाईंनी मागचापुढचा विचार न करता हॉलचं दार सताड उघडलं. चार बायका, चार खेपा. बिबडे खालच्या साड्यांसकट हॉलच्या फरशीवर अंथरले गेले आणि दार लागलं.

वावटळ गेली. उन्हं कलताना चहा पिऊन भागाबाई बिबडे उचलायला हॉलमध्ये गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. एक बिबडा उचलून त्यांनी मोडला. कड्‌कन आवाज आला.

"वहिनी! दोन दिवसांचं काम दुपारीच झालं की हो!"

"बघू," म्हणत मंजुळाबाईंनीही एक मोडला.

"आणि धूळ नाही, कावळा नाही, राखणीला कुणी बसायला नको!"

मंजुळाबाईंनी काचेकडे पाहिलं, उतरत्या कौलांकडे पाहिलं आणि गलबल्यानं उठून दारात आलेल्या नवऱ्याकडे कित्येक महिन्यांनी पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, मी उगाच अबोला धरला. तुम्ही माझ्या वाळवणासाठीच ही काच लावून घेतलीत, होय ना?"

खरं सांगितलं तर उरलेला जन्म अबोल्यात जाणार. "नाहीतर काय," अभिमनराव म्हणाले.

तिथून पुढे घर त्यांचं राहिलं नाही. सकाळी उजाडायच्या आत कॉलनीतल्या बायका डोक्यावर पराती घेऊन रांगेत. हॉलभर कुरडया, सोफ्यावर शेवया, टीव्हीवर चिकवड्या. स्वयंपाकघरात घाटा. मागच्या खोलीत खाटेवर लाट्या करणारं मंडळ, आणि पिठावर वारा नको म्हणून कूलर बंद. मंजुळाबाई कंबर खोचून हुकूम सोडत होत्या आणि दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "यांनीच सुचवलं हो सगळं!" आणि बायका अभिमनरावांकडे अशा कौतुकानं बघायच्या की त्यांना आपलाच बनियन मागायला खोलीत शिरायची लाज वाटायची.

पुढच्या रविवारी जेवण झालं. अभिमनराव उशी काखेत धरून या दारातून त्या दारात फिरत होते. कुठेतरी हातभर फरशी मोकळी दिसेल म्हणून त्यांनी हॉलमध्ये एक पाय टाकला, तोच पाठीमागून ओळखीचा आवाज आला.

"पाय देखीसन टाका हो अभिमनभाऊ, वाळवण शे!"

द्रौपदाबाई. रिक्षातून उतरल्या होत्या. मागे रिक्षावाला दोन्ही हातांत पराती तोलत उभा होता.

"तुम्ही इथे?" अभिमनरावांनी टाकलेला पाय मागे घेतला.

"सारी गल्ली सांगी ऱ्हायनी, पाटीलभाऊना घरमा बिबडा दुपारमा वाळस म्हणीसन. आते ओट्यावर कोन घाली?" द्रौपदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, मग काखेतली उशी पाहिली, घामानं निथळणारा माणूस पाहिला आणि त्यांना कणव आली. "झोप येई ऱ्हायनी का भाऊ?"

अभिमनरावांनी लहान मुलासारखी मान डोलावली.

"आमना ओटा रिकामा पडेल शे. वारा बी शे. तठे जाईसन पडा."

टाचा उचलून, भिंतीला पोट चिकटवून अभिमनराव स्वतःच्या बंगल्यातून बाहेर पडले आणि दारात उभ्या असलेल्या त्याच रिक्षात उशी मांडीवर घेऊन बसले.

जुन्या गल्लीत सामसूम होती. भरवैशाखात तो ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अभिमनरावांनी चपला काढल्या, उशी टाकली, पाय लांबच्या लांब पसरले. कुणी काही म्हणालं नाही. गार झुळूक आली आणि त्यांना जी झोप लागली, ती द्रौपदाबाई वाळलेले बिबडे घेऊन संध्याकाळी परत आल्या तरी उतरली नाही. त्याच मग पदर सावरत, भिंतीला चिकटून, त्यांचे पाय चुकवत आपल्या घरात गेल्या.